टेबलावरची नावं

विभागासाठी नवं टेबल हवं म्हणून मागणीपत्र घेऊन मी विद्यापीठाच्या भांडारात गेलो. तिथल्या भांडारपाल कमलताईंनी ते वाचलं आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला. "आधी गोदाम बघू, सर. तिथं नाहीच मिळालं, तर नवं मागवू." मी मनातून चिडलोच. नव्या इमारतीत जुनं टेबल!

गोदामात दुपारचं ऊन झरोक्यातून तिरपं उतरलं होतं. पालथ्या खुर्च्यांचे पाय वर आलेले, जणू पानगळीतलं रान. त्या रानात एक सागवानी टेबल होतं. त्याच्या बाजूच्या फळीवर पांढऱ्या रंगात 'भूगोल' लिहिलं होतं, त्याखाली 'संस्कृत', त्याखाली 'परीक्षा'. मी त्यावरून हात फिरवत राहिलो. झाड एकदाच तोडलं गेलं होतं. त्याच्या सावलीत मात्र अजून माणसं येऊन बसत होती.

"हेच द्या," मी म्हणालो.

कमलताईंनी रंगाचा डबा उघडला. 'परीक्षा'च्या खाली त्या आमच्या विभागाचं नाव काढू लागल्या, अगदी बारीक अक्षरांत.

"जरा ठळक काढा ना," मी म्हटलं.

ब्रश न थांबवता त्या म्हणाल्या, "खाली जागा नको का राहायला, सर?"