मशीनचा कौल

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ काढलेली नाही. बायकोजवळ नाही, देवापुढे तर नाहीच — त्याला काय सांगायचं, तो तिथेच होता. तुम्ही परके, म्हणून सांगवतंय.

मिरजोळ्याला आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. माझं आणि थोरल्या भावाचं, दादाचं. गेट, ग्रिल, आंब्याच्या बागांतल्या टाक्यांचे स्टँड — सगळं करतो. पूर्वी लोखंडी पट्टीला भोक पाडायला हाताचा पंच होता. दादा दांड्याला लोंबकळायचा, मी पट्टी धरायचो, आणि भोक पडलं की दोघेही हसत सुटायचो. का हसायचो? आता आठवत नाही. गिऱ्हाईक आलं की दादा लोखंडी अँगल उचलून नुसता हातात तोलायचा — "ह्यो नको, खाऱ्या वाऱ्यात टिकनार नाय" — आणि गिऱ्हाईक मुकाट ऐकायचं. मीसुद्धा.

काम वाढलं तसं आयर्नवर्कर घ्यायचं ठरलं. ही एकच मशीन भोक पाडते, पट्टी कापते, अँगलही कापते. दादाला चाकाची हवी होती: मोठं फ्लायव्हील, गिअर, बिघडली तर आपल्या हाताने उघडता येते. मला हायड्रॉलिक हवी होती. तेलाच्या दाबावर चालणारी, कमी आवाजाची. कारणं माझीही वाईट नव्हती. पण खरं सांगू? कोल्हापूरच्या प्रदर्शनात हायड्रॉलिकच्या विक्रेत्याला मी दादाला न विचारताच शब्द देऊन बसलो होतो. त्याने मला 'शेठ' म्हटलं होतं — आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो.

घरात ओढाताण सुरू झाली. शेवटी दादा म्हणाला, ग्रामदेवतेला कौल लावू. आमच्याकडे घराची जागा, मुलीचं स्थळ, असंच तर ठरतं. आपण प्रश्न मनात धरायचा, गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कौलाच्या दिवशी दादा दाभोळला शेड उभारायला गेला होता. मी एकटाच गेलो.

मनात धरलं — हायड्रॉलिक घेऊ का? पाकळ्या बराच वेळ हलल्या नाहीत. मग एक पडली. डावी.

मी काय केलं असेल? देवाच्या नावाने खोटा कौल सांगायची छाती नव्हती. म्हणून कौल तसाच ठेवला आणि प्रश्न बदलला. दादाला सांगितलं — चाकाची घेऊ का, असं विचारलं, तर डावा आला. त्याने गुरवाला विचारलंही. गुरव म्हणाला, हो, डावाच.

दादाने हातमोजे झटकले. मग म्हणाला, "देवान सांगितलान ना? मग आपण कोन बोलनार, बाबू."

मशीन आली, आणि उत्तम चालली. आजही चालते. बिघडली असती तर कदाचित मी बोललो असतो — बघा, पुन्हा सबब. नसतो बोललो.

बदलला तो दादा. चिडला नाही, रुसला नाही. पण देवानेच आपली पारख नाकारली असं त्याने मनाला लावून घेतलं आणि पारख करणंच सोडलं. अँगल आता तो हातात तोलत नाही. गिऱ्हाइकाने काही विचारलं की म्हणतो, "बाबूस इचारा." त्याच्या मुलीचं लग्न ठरवतानासुद्धा स्थळ कसं वाटतं ते त्याने आधी मला विचारलं. त्याच्यापेक्षा मला काय जास्त कळत होतं? तरी मी मत दिलं, ऐटीत दिलं. माझा दादा मीच लहान केला. मला लाज वाटते.

दर दसऱ्याला तो मशीनला झेंडूची माळ घालतो, नारळ ठेवतो आणि स्वतः गाऱ्हाणं घालतो, देवाला मोठ्याने आळवतो. यंदाही घातलं. "बा देवा म्हाराजा, मी आंधळा व्हतो, तू बाबूच्या तोंडून खरं सांगितलंस..."

गाऱ्हाण्याला मागून साथ द्यावी लागते. कामगार देतात. मीही हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने म्हणालो — व्हय म्हाराजा.