पित्राच्या पंगतीतले उंदीर

आमचे हे जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात शिकवायचे. अमेरिकेत सहा महिने राहून आले ते डोक्यात उंदीर घेऊनच. आल्यागेल्याला तीच गोष्ट. चहा देता देता मला ती पाठ झाली. तिथे म्हणे उंदराच्या बीजातच बारीकसा फेरफार करतात. मग रक्तातली चरबी साफ करणारी वस्तू त्याच्या अंगात तयारच होत नाही. नुसते दाणे खाल्ले तरी त्याच्या रक्ताच्या नळ्या बुजतात. तूपलोणी मिळाले तर आणखी लवकर. साध्या उंदराला मात्र काही होत नाही.

सासरे बेचाळिसाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले. थोरले दीरही तसेच, चव्वेचाळिसाव्या वर्षी. यांना एक्केचाळीस लागले होते. जिना चढताना हे मधल्या पायरीवर थांबून खिडकीबाहेर बघत. तिथे शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे. दुसरे बघण्यासारखे काही नाही.

सासऱ्यांच्या पित्राला कॉलेजातले दोन मास्तर जेवायला आले. वडे, भजी, खीर, आणि पंगतीत तुपाचा तांब्या घेऊन सासूबाई. पाचवा वडा हातात धरून हे उंदरांच्या नळ्या समजावत होते. मी खीर घेऊन आले.

"मला एक इचारायचं होतं."

सगळ्यांचे हात थांबले. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण पाहुण्यांसमोर मी "वाढू का?" याच्यापुढे कधी गेले नव्हते.

"विचार की," हे म्हणाले.

"ते बिघडवलेले उंदीर वरून वळखू येतात का?"

"अजिबात नाही. चांगले तकतकीत दिसतात. रक्त तपासल्याशिवाय पत्ता लागत नाही." मग खुशीत पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "बघा, हिलासुद्धा समजायला लागलं!"

"मग आपले मामंजी अन् थोरले भावजी कोणते उंदीर होते?"

एका मास्तरांना ठसका लागला. सासूबाई कडाडल्या, "माझ्या मालकाला उंदीर म्हणायलीस व्हय गं? अन् ते बी पित्राच्या दिशी?" रागारागाने त्यांनी लेकाच्या ताटावर तांब्या कलता केला.

यांनी ताटावर पंजा धरला. तूप बोटांवरून ओघळून सतरंजीवर आले.

"आरं हात काढ की, बापाच्या नावाचं हाय!"

हात हलला नाही. माझ्याकडे न बघताच हे म्हणाले, "उद्या सकाळी मला चहा देऊ नको. रक्त उपाशीपोटी द्यावं लागतं."