पालखी मागल्या दारी टेकली

शेवटचं आम्ही दोघांनी काय केलं, तर ओटीवर बसून टोपलीभर रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले. दोघांचे हात लाल. आदल्या दिवशीच सुगंधा, माझी बायको, ग्रामपंचायतीत निवडून आली होती. मी म्हटलं, "मेंबरीणबाई, ह्या हातानं सही करणार काय?"

"तुमच्यापेक्षा बरी येते माझी सही. बिया नीट काढा."

मग मी सोलं वाळत घालायला कातळावर गेलो. परत येतोय तर घरातून धूर...

हरलेल्या पार्टीच्या पोरांनी पेट्रोल टाकून घर पेटवलं. सुगंधा गेली. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे – मागल्या दाराला बाहेरून कडी होती. कडी मी काढली, तर सुगंधा दारालाच टेकून पडलेली. उचलून पुढल्या अंगणात आणली, मग लोक आले. मागच्या माडांच्या आगरातून पळणारा, त्याच पोरांतला दिनेशही मी ओळखला होता. पण माझी लेक त्याच्याच चुलतभावाला दिलेली. पोलिसांना सांगितलं, पुढल्या खोलीत सापडली, कुणाला बघितलं नाही.

केस झाली, पण नऊ वर्षं कोर्टात नुसत्या तारखा. यंदा माझी साक्ष लागली. चार दिवस आधी दिनेशचा बाप आला, चहा प्याला नि म्हणाला, "दादा, आधी सांगितलंत तेच सांगा. पोर सुखात आहे ना तुमची?" मी होय म्हणून मान हलवली.

आता मूळ गोष्ट. मी सातवी नापास, पण भूतखेत, अंगात येणं, काही मानत नाही. वीस वर्षं पालखी खांद्यावर घेतली, कोण कुठे ओढतो ते मला पाठ आहे. शिमग्यात आमच्याकडे पालखी खूण काढते. म्हणजे एकानं गुपचूप नारळ पुरायचा, पालखीनं तो शोधायचा. यंदा मीच पुरला, पालखी ठेवतात त्या सहाणेजवळच्या फणसाखाली. साक्षीच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, पालखी उठली ती फणसाकडे गेलीच नाही. चढ चढून माझ्या जळक्या जागेवर आली. तिथे नुसता चौथरा.

अंगणात थांबली असती तर मी समजलो असतो, सगळे तिथेच हात जोडतात. ती वळसा घालून मागे गेली, आणि मागल्या दाराचा उंबरा तेवढा उरलाय, त्यावर टेकली. उचलेना.

म्हणाल, दिनेशनं नेली. होता तो, मागल्या दांड्याला. पण तो सारखा मागे खेचत होता, खांदा सोलला त्याचा. पुढे होता तो मुंबईचा, त्यानं माझं घर कधी बघितलेलं नाही. गुरव म्हणाला खणा. खणलं. काळी माती निघाली, बाकी काही नाही.

दिनेश उंबऱ्याकडे बघत होता. हळूच म्हणाला, "दादा, इथं कशाला आली ही?"

"तुला माहीत नाही?" मी म्हटलं. तो खाली बसला.

मी खूप डोकं चालवलं. उतार म्हणावा, तर उतार उलट्या बाजूला. सुगंधा म्हणावं, तर तसलं मी मानत नाही... अजूनही नाही. मग काय होतं? मला सांगता येत नाही. तुम्हाला कळलं तर कळवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी लेकीकडे गेलो. कडीचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, नऊ वर्षं माझ्या नावावर गप्प बसलात?" मग पायात चप्पल घातली नि माझ्याबरोबर रत्नागिरीच्या एसटीत बसली. कोर्टात मी आधी कडीचं सांगितलं, मग दिनेशचं नाव.