शनिवारची वही

अक्का गेल्या हे मला खानावळीत कळलं. हुबळीतल्या लॅमिंग्टन रोडच्या एका खानावळीत मी भाकरी करते. सकाळचे दहा वाजले असतील. तव्यावर भाकरी होती, हात पिठाचे, म्हणून मालकीणबाईंनीच फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे अक्कांच्या धाकट्या बहीणबाई. "सुरेखा, अक्का गेली गं. जास्वंदीची फुलं तोडायला गेली, तिथं खाली बसली ती उठलीच नाही..." मी "हो" म्हटलं आणि भाकरी उलटली. तेव्हा मनात पहिलं काय आलं ते लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहून काय करू, खोट्यापायीच तर सगळं झालं. मनात आलं, आता मला उत्तर कोण देणार? तीन महिने मी त्यांच्याशी बोलत नव्हते. कधीतरी जाऊन विचारीन, त्याही कधीतरी सांगतील, असं धरून चालले होते. त्या निघूनच गेल्या. रडू आलं नाही मला, राग आला. उरलेल्या भाकरी कशा थापल्या ते आठवत नाही.

आम्ही परभणीकडचे. नवऱ्याला गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम मिळालं म्हणून हुबळीला आलो, तेव्हा मुक्ता कडेवर होती. कमरीपेठेत एक खोली घेतली. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात भाजीवालीसमोर मी मुक्यासारखी उभी होते, नुसतं बोट दाखवत. मागून आवाज आला, "काय पाहिजे गं तुला? मराठी की काय तू?" सहा दिवसांनी नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून मराठी ऐकत होते. माझे डोळे भरून आले. "मेथीच्या जुडीसाठी रडतीस होय? मेंतेपल्ल्या म्हण. म्हण की!" मी म्हटलं. भाजीवाली हसली, अक्काही हसल्या, आणि जुडी घेऊनच मी घरी आले.

अक्कांचं घर आमच्यापासून चौथं. घरात त्यांचं बोलणं मराठी, पण सगळी नोकरी कन्नड शाळेत गेली, तीही सगळी पहिलीच्या वर्गावर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी गल्लीतलं शेंबडं पोर दिसलं की पदराने नाक पुसून विचारायच्या, "आज काय लिहिलंस?" मुक्ताला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा फाटकाच्या आत माझे पायच जाईनात. पाचवीत मी शाळेतून पळाले, त्यानंतर कुठल्याच शाळेत गेले नव्हते. अक्कांनी हाताला धरून आत नेलं, फॉर्म भरायला घेतला. आईचं शिक्षण, असा एक रकाना होता. मी हळूच "पाचवी" म्हटलं. त्यांनी मान वर न करता, बाकीचं लिहिलं तशाच अक्षरात तेही लिहिलं. त्या वर न बघण्याचे उपकार मी विसरणार नाही. एवढं सगळं झालं, तरी ते विसरलेले नाही.

मुक्ता डावखुरी आहे. बिस्कीट डाव्या हाताने, चेंडू डाव्या हाताने, भिंतीवर रेघोट्या डाव्या हाताने. मला ते दिसलं त्या दिवसापासून झोप नीट लागेना. कारण मीही तशीच होते. आमच्या गुरुजींनी छडीने माझी डाव्या हाताची बोटं फोडली. उजव्या हाताने लिहायला गेले की अक्षर येईना, डाव्याने लिहिलं की मार. पाचवीत एके दिवशी दप्तर घेऊन निघाले ती शाळेत न जाता शेतात जाऊन बसले, आणि मग रोजच. माझे वडील, आप्पा, एवढंच म्हणाले, "घरीच वळवायला पाहिजे होता हिचा हात. शाळेत जायच्या आधीच." ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं होतं. घरी, मायेने, वेळेवर वळवला असता तर मार बसला नसता, आणि मी शिकले असते, असं मला खरंच वाटायचं.

हे सगळं मी अक्कांना त्यांच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. नवऱ्यालाही इतकं सांगितलं नव्हतं. बोटावरचा वण दाखवला. त्यांनी माझा हात हातात घेऊन बराच वेळ बघितला. मी म्हटलं, "अक्का, मारू नका, पण वळवा."

"हात आहे गं तो, बैल आहे का वळवायला?"

"तुम्हीच करू शकता. दुसरं कोण आहे मला इथं?"

समोरून कुणाची तरी सायकल गेली... मग म्हणाल्या, "बरं. वळवते. पण मी सांगीन तसं." 'वळवते' म्हणाल्या, हे मला नीट आठवतंय. सांगणं दोनच गोष्टींचं होतं. घरी मुक्ताने पेन्सिल धरायची नाही, दोन ठिकाणी शिकवलं की मुलाचा हात गोंधळतो. आणि दर शनिवारी त्या मला वही दाखवणार, मी पानाखाली सही करायची. मी घरातल्या पेन्सिली, खडू, होते नव्हते ते सगळे डब्यात घालून कपाटावर ठेवले. पोरगी मागायची, "अम्मा, पेन्सिल!" मी म्हणायची, "अक्काआजीकडे." वर्षभर मी माझ्या लेकीपासून पेन्सिली लपवल्या, लिहिता यावं म्हणून.

शाळा सुटली की मुक्ता अक्कांकडे जायची, मी खानावळीतून येईपर्यंत तिथेच. शनिवारी दुपारी मला लवकर सुट्टी असते. तेव्हा अक्का चहा ठेवायच्या आणि वही पुढे करायच्या. मला कन्नड बोलता यायला लागलं होतं, वाचता आजही येत नाही. वाकडं की सरळ, एवढंच मला कळायचं. पहिल्या पानांवरची गोल गोल अक्षरं थरथरत होती, ओळ सोडून खाली घसरत होती. तशाच अक्षरापायी मी मार खाल्लेला. माझा जीव गोळा व्हायचा. अक्का म्हणायच्या, "उजवा हात आहे, नवा आहे, वेळ लागणार की." मग महिन्या-दोन महिन्यांनी अक्षर सावरलं. मी खानावळीत सगळ्यांना सांगत सुटले, बघा, न मारता हात वळतो. आणि दर पानाखाली, गुरुजींनी वळवलेल्या माझ्या उजव्या हाताने, मराठीत सही करत गेले.

दसऱ्याला पाटीपूजनासाठी मुक्ताने अक्कांच्या घरी पाटीवर सरस्वती काढली. मी समोर होते म्हणून उजव्या हाताने. सरस्वती अशी काढली की एक पाय इकडे, एक पाय तिकडे. मुक्ताने अक्कांकडे बघितलं, अक्कांनी मुक्ताकडे, आणि दोघी खुदकन हसल्या. मीही हसले. वाटलं, काय माया आहे दोघींची! त्या हसण्यातून मला बाहेर ठेवलं होतं हे तेव्हा कळलं नाही. अजूनही सगळ्यात जास्त तेच टोचतं.

कळलं ते शाळेच्या पालकसभेत. मी वेळेआधी पोचले आणि वर्गाच्या खिडकीतून डोकावले. मुक्ता बाकाच्या डाव्या टोकाला बसली होती, कोपर कुणाला लागू नये अशी. वही तिरकी ठेवलेली, मनगट ओळीच्या खाली, आणि डाव्या हाताने ती भराभर लिहीत होती. अक्षर सरळ, गोल, सुंदर. असलं अक्षर मला आयुष्यात आलं नाही. आनंद व्हायच्या आधी माझे कान तापले. वर्गाच्या बाईंना विचारलं तर त्यांनाच नवल वाटलं. "निमग गोत्तिल्लेन?" म्हणाल्या. तुम्हाला माहीत नाही? तुमच्या अक्काच पहिल्या आठवड्यात येऊन सांगून गेल्या, हिला डाव्या टोकाला बसवा, हात बदलायला कुणी लावू नका. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो खाली बघून बूट काढत राहिला. त्यालाही माहीत होतं. "अक्का म्हणाल्या, सुरेखाला इतक्यात सांगू नका, ती घाबरेल." म्हणजे शाळेला ठाऊक, नवऱ्याला ठाऊक, सहा वर्षांच्या पोरीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

मी तशीच अक्कांकडे गेले. "तुम्ही वळवते म्हणाला होता."

"म्हणाले होते."

"मग?"

"तुला खरं सांगितलं असतं तर तू तिला माझ्याकडून काढून नेली असतीस."

"नसती नेली."

"नेली असतीस की, सुरेखा."

"मग शनिवारची वही? ती कुणी लिहिली?" यावर त्या चष्मा काढून पुसायला लागल्या. मी मुक्ताचा हात धरला आणि तिला घेऊन निघाले. त्या म्हणाल्या होत्या तेच मी केलं, हे मला घरी पोचल्यावर कळलं. पण मागे वळले नाही.

त्यानंतर मुक्ताला मी शाळेतून खानावळीत आणायला लागले. तिचा हात बदलायला गेले नाही, तेवढी अक्कल आली होती. कपाटावरचा डबाही खाली काढला. पण अक्कांच्या घरावरून जाताना मी चाल वाढवायची. त्या कट्ट्यावर असायच्या. "मुक्ता, काय लिहिलंस गं आज?" पोरगी उत्तर द्यायला थांबायची, मी तिला ओढायची. एकदा मागून त्यांचा आवाज ऐकू आला, "इरली बिडु." असू दे. मला म्हणाल्या की स्वतःला, कोण जाणे...

लोक म्हणतील, अगं, त्यांनी पोरीचं भलंच केलं. केलंच. त्यांनी माझं ऐकलं असतं तर मुक्ताने शाळेचा धसका घेतला असता, माझ्यासारखी शेतात जाऊन बसली असती. मला सगळं कळतं. पण लहान पोराला साखरेत घालून औषध देतात तसं मला दिलं गेलं, आणि मी पोर नव्हते. तिची आई होते. अक्का म्हणजे एक अक्षर शंभर वेळा समजावणारी बाई. तिने मला एकदाही समजावून बघितलं नाही. मी आधी नाही म्हटलं असतं, रडले असते, पण दहाव्या वेळी कळलं असतं मला. निदान मला असं वाटतं. आता ते कधीच ठरणार नाही. त्या फॉर्मवर त्यांनी 'पाचवी' लिहिलं तेव्हा वर बघितलं नव्हतं, ते माझी लाज राखायला. पण मनात मात्र तो रकाना कायमचा भरून ठेवला होता की काय, असा प्रश्न पडतो, आणि मग त्या उपकाराचंही काय करावं ते समजत नाही.

तेरावं झाल्यावर बहीणबाईंनी मला बोलावलं. अक्कांचं बसून लिहायचं बुटकं डेस्क आणि एक पिशवी मुक्तासाठी काढून ठेवली होती. डेस्कावर पांढरी चिकटपट्टी तिरकी लावलेली, वही किती तिरकी ठेवायची ते कळावं म्हणून. पिशवीत शनिवारच्या वह्या. घरी आल्यावर मी मुक्ताला विचारलं, "खरं सांग, हे तू उजव्या हाताने लिहिलंस?"

ती हसायला लागली. "ते माझं नाहीच! ते अक्काआजीचं. डाव्या हाताने लिहायची ती. तिला येतच नव्हतं आधी!"

"अक्काआजी डाव्या हाताने?"

"हो! वही कशी धरायची ते तिला कळायचं नाही. हात घासून सगळं पुसायचं. मग आम्ही दोघींनी ही पट्टी लावली. मीच तिची टीचर होते. हे बघ, इथं मी चूक दिलंय."

पानाच्या कडेला खरंच लाल पेन्सिलीची फुली होती. पहिल्या पानापासून मी पुन्हा बघितलं. थरथरणारी अक्षरं, ओळीखाली घसरणारी, मनगटाने फासलेली. सत्तरी ओलांडलेली बाई डाव्या हाताने लिहायला शिकत होती. माझ्या पोरीचा हात कुठे अडतो ते समजावं म्हणून, आणि मला फसवावं म्हणूनही. दोन्ही कामं एकाच पानावर केलेली. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

शेवटच्या पानाखाली मात्र सही नाही. वरच्या तारखेवरून कळतं, मी भांडून आले त्याच्या पुढच्या शनिवारचं ते पान. दहा ओळी, अगदी सरळ, एकही फुली नाही. मी येईन, चहा घेईन, सही करीन, असं धरून त्यांनी भांडणानंतर ते लिहिलं असेल, की आधीच लिहून ठेवलं असेल... हेही विचारायचं राहिलं.

डेस्क आता आमच्या खिडकीखाली आहे. मुक्ता पट्टीवर वही ठेवून लिहिते. शनिवारी दुपारी मी ती जुनी वही काढते, शेवटचं पान उघडते आणि बसते. गेल्या शनिवारी मुक्ताने माझ्यासमोर पेन आणून ठेवलं. वहीच्या डाव्या बाजूला. मी ते उचललं नाही, आणि उजवीकडेही सरकवलं नाही. चहा गार होईपर्यंत ते तिथेच होतं.