चहाच्या पैजेवरचे प्रश्न

‘विचारा हिला काहीही. चुकली तर चहा माझ्याकडून, नाहीतर तुमच्याकडून,’ साहेब म्हणाले.

पाहुणा ठेकेदार होता. त्यानं मला आधी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी आवक-जावकचं रजिस्टर छातीशी धरून टेबलासमोर उभी होते. खोलीत दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

‘माणसाच्या अंगात हाडं किती?’

‘दोनशे सहा.’

‘कथकली कुठली?’

‘केरळ.’

‘आपल्याकडे पहिला बोलपट कधी आला?’

‘एकोणीसशे एकतीस.’

‘आता बघा हं. खो-खोत पाटीवर किती गडी बसतात?’

तो नऊची वाट बघत होता.

‘आठ. नववा पळतो.’

साहेबांनी टेबलावर थाप मारली. ‘बघितलंत? आणि राखीव जागेवर लागलीय बरं का!’

‘त्यांच्यात निघते एखादी अशी,’ ठेकेदार म्हणाला. माझ्यासमोर. मी तिथं नसल्यासारखं.

चहा आला. दोन कप. ‘जा तू,’ साहेब म्हणाले.

ही ऐंशी सालच्या पुढेमागेची गोष्ट. नाशिकातली एक सरकारी कचेरी. मी कनिष्ठ लिपिक. येणाऱ्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा, रजिस्टरात लिहायचं आणि टपालाच्या फायलीत घालून साहेबांपुढे ठेवायचं, हे माझं काम. वडील नाशिकरोडला कामगार. आम्ही बौद्ध. हे कचेरीत कोणाला सांगावं लागलं नाही. टायपिस्ट जोशीबाईंना साहेब ‘अहो जोशीबाई’ म्हणत. मला ‘अगं’. जोशीबाई माझ्यानंतर वर्षभरानं लागल्या होत्या.

माझ्याकडे आणखी एक काम होतं. कचेरीत तीन वर्तमानपत्रं येत. आमच्या खात्याची बातमी असेल तर ती कापून वहीत चिकटवायची. बातमी शोधण्यासाठी पानं चाळावी लागत. मी चाळत नसे, वाचत असे. क्रिकेटचे धावफलक, नाट्यसंमेलन, उपग्रह, हॉकी, बाजारभाव, परदेशातले भूकंप. सगळं. संध्याकाळी द्वारका चौकात बस बदलताना दिवसभरातलं मनात पुन्हा म्हणून बघायची. कोणी सांगितलं नव्हतं. आवडायचं.

एकदा साहेब रविवारच्या पुरवणीतले प्रश्न सोडवत बसले होते. अडले. मी फाइल ठेवता ठेवता उत्तर सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. ‘तुला कसं माहीत?’ त्या दिवसापासून हा खेळ सुरू झाला. पाहुणा आला की घंटी वाजायची. शिपाई काशिनाथ दारातून डोकं घालायचा. ‘ताई, चला. परीक्षा हाय.’

खरं सांगते, पहिल्या काही वेळा मला बरं वाटलं. साहेब मला हाक मारतात. पाहुणे चकित होतात. मी घरी जाऊन जास्त वाचू लागले. वाचनालयातून पुस्तकं आणून नद्यांची, राजधान्यांची, राग-रागिण्यांची पाठांतरं करू लागले. पैलवान तालीम करतो तशी. कोणासाठी, हा प्रश्न तेवढा डोक्यात आला नाही.

हळूहळू कळत गेलं. बरोबर उत्तर दिलं की मी नमुना. ‘त्यांच्यात एखादी.’ आणि चुकले असते तर? तर मी नमुना नाही, मग मी नेहमीची. ‘राखीव जागेचं हेच होतं.’ दोन्हीकडे भिंत. सुटायचं कसं? नाही म्हणायचं म्हटलं तर माझा गोपनीय अहवाल साहेबांच्या हातात. आणि माझा अर्जही.

अर्जाचं सांगते, कारण सगळं त्यावरच होतं. नोकरीला लागल्यावर ठरावीक वर्षांत खात्याची परीक्षा पास व्हावी लागे. नाही झालं की ज्येष्ठता जाई. मागून आलेले पुढे, आपण तिथंच. अर्ज साहेबांमार्फत जायचा. पहिल्या वर्षी मी तो त्यांच्या हातात दिला. ‘ठेव, बघतो,’ म्हणत त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. तारीख गेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा दिला. पुन्हा ड्रॉवर. आता तिसरं वर्ष. ज्येष्ठता राखायची ही शेवटची संधी होती.

तिसरा अर्ज दिल्यावर दोन-तीन दिवसांनी साहेबांचे साडू पुण्याहून आले. त्यांचा मुलगा कसल्याशा स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता. त्याचं सामान्य ज्ञानाचं जाड पुस्तक ते बरोबर घेऊन आले होते. घंटी वाजली.

साडूंनी पुस्तक उघडलं. पंधरा-वीस प्रश्न विचारले. मी सगळ्यांची उत्तरं दिली. त्यांना राग येऊ लागला होता. ते दिसत होतं. पानं भराभर उलटत होते.

‘कोणत्या ग्रहाभोवती कडी आहेत?’

‘शनी,’ मी म्हणाले. ‘युरेनस आणि गुरू.’

साडू पुस्तकाकडे बघून हसले. मग साहेबांकडे बघून हसले. ‘घ्या! शनी. फक्त शनी. पुस्तकात छापलंय.’

‘पुस्तक जुनं असेल,’ मी म्हणाले. ‘युरेनसभोवती कडी सापडली. मग गुरूभोवतीही. पेपरात आलं होतं.’

‘गुरूला कडी!’ साडूंनी मांडीवर हात मारला. ‘उद्या म्हणेल चंद्राला शेपूट. अरे, पोपट आहे हा. मिरची खाल्ली की काहीही बोलतो.’

साहेब हसले नाहीत. त्यांचा चहा गेला होता. ‘आणि हिनं परीक्षेचा अर्ज केलाय म्हणे,’ ते म्हणाले. ‘आधी शनी नीट पाठ कर.’

दारात काशिनाथ उभा होता. जोशीबाईंच्या मशीनचा आवाज थांबला होता. म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

त्या संध्याकाळी मी कचेरीत थांबून जुन्या पेपरांचे गठ्ठे सोडले. दोन्ही बातम्या सापडल्या. सकाळी त्या साहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी वाचल्या. दोनदा वाचल्या.

‘असेल,’ ते म्हणाले. ‘म्हणून काय पाहुण्याला तोंडावर खोटं पाडायचं? एवढी समज नाही तुला. यंदा राहू दे तो अर्ज.’

‘यंदा मुदत संपते, साहेब.’

‘मग काय बिघडलं? इथं आहेस की. बढती घेऊन दुसरीकडे गेलीस तर मी प्रश्न विचारू कोणाला?’ आणि आता ते हसले. मनापासून. त्यांना वाटलं, आपण कौतुक केलं.

मी बाहेर येऊन माझ्या खुर्चीवर बसले. समोर रजिस्टर. मागे कपाट. उजवीकडे भिंत. त्या जागेवर मी निवृत्त होईपर्यंत बसलेली मला दिसले. केस पांढरे. घंटी वाजतेय. मी उठतेय.

शेवटच्या तारखेला आठ दिवस होते.

दुपारी सटाण्याकडून एक म्हातारे गृहस्थ आले. पहाटेच्या गाडीनं निघालेले. खिडकीशी वाकून म्हणाले, ‘ताई, मना कागद कोठे शे?’

‘नंबर काय, बाबा?’

‘नंबर नही. सायेबना हातमा दिन्हा व्हता.’

साहेबांच्या हातात दिला होता. मी नेहमीचं वाक्य म्हणाले. दिवसातून चार वेळा म्हणायचे ते. ‘मग तो आलाच नाही, बाबा. ज्या कागदाला नंबर नाही, तो या कचेरीत आलाच नाही.’

म्हाताऱ्यांचं तोंड उतरलं. आणि माझं वाक्य माझ्याच कानात राहिलं.

तीन वर्षं मी अख्ख्या जिल्ह्याचे कागद नोंदवत होते. विहिरीचे, रस्त्याचे, भांडणांचे. माझा कागद मी नोंदवला नव्हता. स्वतःचा अर्ज स्वतःच रजिस्टरात चढवणं मला बरं दिसलं नव्हतं. साहेब चांगले आहेत, मला ओळखतात, हातात द्यावा, असं वाटलं होतं. ओळखत होते म्हणूनच हातात दिला आणि फसले. माझे तिन्ही अर्ज आलेच नव्हते. कोणी विचारलं असतं, ‘या बाईंनी परीक्षेसाठी अर्ज केला होता का?’ तर कचेरीचं उत्तर होतं, नाही.

म्हाताऱ्यांचा कागद मी पुन्हा लिहिला, त्यांना वाचून दाखवला, अंगठा घेतला, शिक्का मारला, नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. मग दुसरा कोरा कागद घेतला आणि माझा अर्ज लिहिला. त्यावर शिक्का मारला. म्हाताऱ्यांच्या खालचा नंबर टाकला. रजिस्टरात ओळ भरली: कोणाकडून, विषय, तारीख. एक आगाऊ प्रत मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि पावती पर्समध्ये ठेवली.

संध्याकाळी टपालाची फाइल साहेबांपुढे गेली. मला बोलावलं.

‘हे काय?’

‘अर्ज.’

‘तो तर आहे माझ्याकडे.’

‘त्याला नंबर नव्हता, साहेब.’

ते माझ्याकडे बघत राहिले. अर्ज बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी घंटी वाजली. काशिनाथ ट्रे घेऊन निघाला होता. हळूच म्हणाला, ‘ताई, दोन पाहुणे हायेत. नीट बोला. साहेब लय तापलेत.’

आत दोन अधिकारी बसले होते, बाहेरगावचे. साहेबांचा आवाज गोड होता. ‘ही आमची ती. विचारा काहीही.’

एकानं विचार केला. ‘जगातलं सगळ्यात मोठं बेट?’

मी गप्प.

‘बेट, बेट,’ साहेब म्हणाले. ‘अगं, सोपं आहे.’

मी गप्प.

‘येत नाही?’ पाहुण्यानं सांभाळून घेत विचारलं.

‘येतं.’

‘मग सांगा ना.’

‘सांगणार नाही.’

मी साहेबांकडे वळून म्हणाले, ‘साहेब, माझा परीक्षेचा अर्ज चार दिवस तुमच्या टेबलावर आहे. त्यावर शेरा लिहा. हो लिहा, नाहीतर नाही लिहा. नाही लिहिलं तर कारण लिहा. मला काय येतं ते परीक्षा बघेल. तुमच्या पाहुण्यांनी बघायचं कारण नाही.’

‘बाहेर जा,’ साहेब म्हणाले.

मी बाहेर आले. जोशीबाई मान खाली घालून टाइप करत होत्या. त्यांच्या मशीनमध्ये कागद नव्हता.

त्याच दिवशी शेरा आला. ‘अर्जदाराचे वर्तन उद्धट. वरिष्ठांचा मान ठेवत नाही. शिफारस नाही.’ खाली सही, तारीख. वाचून मला बरं वाटलं असं नाही. पण तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या अर्जावर कोणी काही लिहिलं होतं. लिहिलेल्याला उत्तर देता येतं. ड्रॉवरला देता येत नाही.

घरी सांगितलं. वडील म्हणाले, ‘चार उत्तरं दिली असतीस तर काय झिजली असतीस?’

‘झिजतच होते,’ मी म्हणाले.

महिनाभरात बदलीचा हुकूम निघाला. हरसूलकडची लहान कचेरी. दोन खोल्या, एक शिपाई. तिथं रुजू झाले, तर नवे साहेब माझ्या कागदांवर नजर टाकून म्हणाले, ‘अच्छा, तुम्हीच का त्या! फार जनरल नॉलेज म्हणे तुमचं. सांगा बघू—’

माझी कीर्ती माझ्या आधी डोंगर चढून आली होती.

‘टपाल बघून घ्या, साहेब,’ मी म्हणाले आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी बसा म्हटलं नव्हतं.

त्या वर्षीची परीक्षा माझ्याशिवाय झाली. ज्येष्ठता गेली. जोशीबाई वरिष्ठ झाल्या. त्या शेऱ्याविरुद्धचं माझं अपील मुख्य कार्यालयात पडून होतं, मग एका ओळीत फेटाळलं गेलं. ती ओळ मी जपून ठेवली आणि तिच्यावर दुसरं अपील लिहिलं. ‘उद्धट म्हणजे काय केलं, तारखेनिशी कळवावे.’ काशिनाथ एकदा घराकडे जाताना भेटला. म्हणाला, ‘ताई, आता तरी सोडा. त्यांचे हात लय लांब हायेत.’ मी त्याला चहा पाजला आणि सोडणार नाही म्हणून सांगितलं.

मी परीक्षेला बसणार. बसू द्यायचं नसेल तर का नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या अक्षरात लिहावं आणि खाली सही करावी. फेटाळा. मी त्याच्या वरच्याला लिहीन.