जिवंत बाईसाठी ठेवलेला घास

यंदाच्या सर्वपित्री अमावस्येला आमच्या तेर गावच्या घरी जे झालं, ते इथं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही...

मी घरबसल्या व्हिडिओंना मराठी आवाज देते. गोधडी डोक्यावर घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करायचं, हाच माझा स्टुडिओ. गेल्या महिन्यात, माणसांना बाहेर पडू न देणाऱ्या एका देशातून पळून आलेल्या मुलीची मुलाखत आवाज द्यायला आली होती. आई मागंच राहिली, आता भेट होणार नाही, एवढंच ती म्हणाली होती. तेही न रडता.

चॅनेलवाले म्हणाले, शेवट जरा फिका वाटतोय. मग मीच आगाऊपणा केला... 'माझ्या आईला त्यांनी संपवलं' असं वाक्य घातलं, हुंदक्यासकट.

व्हिडिओ तुफान चालला. तो देश म्हणजे नरक, असं लोकांनी लिहिलं, आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. खोटं कशाला सांगू, मला भारी वाटलं होतं.

अमावस्येला सासूबाईंनी गच्चीच्या कठड्यावर पितरांचे घास ठेवले. भात, वडा, आंबाडीची भाजी. आमचे तीन होते, शेजारी चौथं पान. हे कुणाचं, मी विचारलं.

"त्या व्हिडिओतल्या पोरीच्या आईचं. तिकडं कोन ठेवतंय तिला?"

तिन्ही घासांना कावळा लगेच शिवला. चौथ्याजवळ यायचा, मान वाकडी करून बघायचा आणि मागं सरायचा... ऊन डोक्यावर आलं तरी तेच.

सासूबाईंनी हात जोडले. "लेकीत जीव अडकलाय हिचा. बाई, लेक सुखरूप हाय तुजी. जेव आता."

मला ते बघवेना. त्यांना खाली स्वयंपाकघरात नेलं आणि सांगून टाकलं, "आत्या, आई मेली असं ती पोरगी बोललीच नव्हती. ते मी पदरचं घातलं."

"तुज्या आवाजात ऐकलं म्हनून खरं मानलं म्या," एवढंच त्या बोलल्या आणि घास उचलायला जिन्याकडं पळाल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी.

वर गेलो तर पान रिकामं होतं. एक शीतसुद्धा नाही...

ते वाक्य काढा म्हणून मी चॅनेलवाल्यांच्या मागं लागले. चांगला चाललाय, राहू द्या, म्हणाले. सासूबाई आता रोज त्या बाईच्या आयुष्यासाठी देवापुढं दिवा लावतात. मला काही बोलत नाहीत, पण वात मलाच करायला लावतात. तेवढ्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

तुम्ही तो व्हिडिओ पाहून रडला असाल, तर शेवटचं वाक्य माझं आहे. त्या पोरीचं नाही.