पुठ्ठ्याचं चर्च

इतिहासाचे पेपर तपासून डोळे शिणले होते. फाटकी पुरवणी चिकटवायला बायकोने मैद्याची खळ शिजवली आणि त्या वासाने मला तीस वर्षं मागे, पुसेगावजवळच्या शाळेत नेऊन बसवलं.

तेव्हा मी कच्चा मास्तर. नोकरी कायम होणं तपासणीला येणाऱ्या साहेबांच्या हाती. त्यांच्यावर छाप पाडायला मी मध्ययुगीन युरोपातलं चर्च पुठ्ठ्याचं, असल्याच खळीने चिकटवून उभारलं, माझ्याहून उंच! खिडक्यांना लाल-निळा जिलेटीन कागद लावला. ऊन आत आलं, फरशी रंगली आणि मी नाटकातल्या राजासारखा मिरवू लागलो. तेवढ्यात छताच्या भाराने भिंती बाहेर फाकू लागल्या.

शिपाई किसनमामा एरवी लग्नाचे मंडप बांधायचे. ते म्हणाले, "सर, समदी भिंत खिडक्यांतच घातली. आता छत काय देवावर ठेवून राहिले? भाईरून तिरपे टेकू द्या."

त्या चर्चांना अगदी असेच टेकू असतात, हे मी वर्षभर घोकून शिकवत होतो! मामांनी बांबूच्या कामट्या लावल्या आणि चर्च सावरलं.

साहेब आले, टेकूंपाशी थांबले. "ही युक्ती कुणाची?"

एरवी अखंड बडबडणारा मी खिडकीचा कागद नीट करू लागलो. मामाच पुढे झाले. "सरांनीच सांगितलं, साहेब. मी नुसतं बांधलं."

नोकरी कायम झाली. मामा किती भोळे, असं तेव्हा वाटलं होतं. आता तेच टेकू शेकडो उत्तरपत्रिकांत वाचून दमलोय, आणि वाटतं, "नाही साहेब, मामांची," एवढंच तर म्हणायचं होतं.